न मेलेल्या कोंबड्यांचा पुरावा

गेल्या व्याख्यानात आपण अभावाच्या ज्ञानाबद्दल बोललो. जमिनीवर घट नाही हे मला कशानं कळतं, डोळ्यानं की आणखी कशानं, यावर आपल्याकडच्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी किती शतकं वाद घातला ते आपण पाहिलं. नंतर एका श्रोत्यानं विचारलं की सर, हे सगळं ठीक आहे, पण घट असला काय आणि नसला काय, याचा कुणाला काही उपयोग झालाय का? प्रश्न जरा खवचट होता, पण रास्त होता. आज त्याचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, आणि त्यासाठी तुम्हाला कोंबड्यांकडे घेऊन जातो. हसू नका. जगातल्या गरिबांकडे जर एखादं जनावर सर्वांत जास्त घरांत असेल तर ते कोंबडी आहे, आणि ती वाचवण्याची खटपट पाहिली की अभावाचं ज्ञान हा किती रोकडा विषय आहे ते कळतं.

आधी रोग समजून घेऊ. आपल्याकडे त्याला राणीखेत म्हणतात, खेड्यात मानमोडी. मानमोडी हा शब्द अगदी नेमका आहे, कारण रोग मज्जातंतूंपर्यंत गेला की कोंबडीची मान पिळवटते, ती गोल गोल फिरते, पंख आणि पाय लुळे पडतात. त्याआधी हिरवट हगवण, चोच उघडून धापा टाकणं, एका जागी मुरगळून बसणं. कधी यातलं काहीच दिसत नाही, सकाळी खुराडं उघडलं की कोंबड्या मरून पडलेल्या. इंग्रजीत याचं नाव न्यूकॅसल, कारण १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल बंदराजवळच्या कोंबड्यांत तो दिसला. त्याच वर्षी जावा बेटावरही त्याची नोंद झाली, आणि पाठोपाठ आपल्या कुमाऊँमधल्या राणीखेतला. गावांची नावं रोगांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. बिचारं राणीखेत, इतकं सुंदर ठिकाण, पण खेड्यातल्या माणसाला ते नाव कोंबडीच्या मरणामुळेच माहीत.

विषाणू आहे, त्यामुळे औषध नाही. आजार झाल्यावर करण्यासारखं काही उरत नाही. जिथल्या कोंबड्यांनी हा विषाणू पूर्वी पाहिलेला नाही तिथे निम्म्यापासून ते सगळ्याच्या सगळ्या कोंबड्या मरू शकतात, तेही आठवड्या-दोन आठवड्यांत. आफ्रिका आणि आशियातल्या पुष्कळ खेड्यांत हे दरवर्षी, ठरावीक ऋतूत होतं. होळीनंतर ऊन तापणार हे जसं आपण गृहीत धरतो, तसं तिथे लोक कोंबड्यांचं मरण गृहीत धरतात.

आता लस. इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या, लस नव्हती असं कधीच झालं नाही. म्हणजे १९४० च्या दशकापासून तरी नाही. आपल्याकडे मुक्तेश्वरच्या संस्थेत एका उपप्रकारापासून लस तयार झाली. मुक्तेश्वरही कुमाऊँतच, म्हणजे रोगाचं आपल्याकडचं नाव आणि त्याच्यावरची आपली लस, दोन्ही एकाच डोंगराळ मुलखातली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका कुक्कुटपालकाच्या फार्मवरून मिळालेला लासोटा उपप्रकार जगभर गेला, तो आजही चालतो. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांनी या लशी वापरल्या आणि त्यांच्यापुरता प्रश्न आटोक्यात आला. मग दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईच्या कोंबड्या पुढची पन्नास वर्षं का मरत राहिल्या?

उत्तराचा एक भाग अगदी बाळबोध हिशेबाचा आहे. लशीची कुपी एक हजार मात्रांची. पोल्ट्रीत एका छपराखाली हजारो पक्षी, सगळे एका वयाचे, एका दिवशी आणलेले. कुपी फोडली, पाण्यात मिसळली, दोन तासांत संपली. खेड्यात एका घरी दहा पक्षी धरले, तर एक कुपी संपवायला शंभर घरं हिंडायला हवीत. कोंबड्या दिवसा मोकळ्या, कुणी उकिरड्यावर, कुणी शेजारणीच्या अंगणात. त्यात एक खुडूक बसलेली, एक पिल्लांना घेऊन फिरणारी, चार तलंगा, एक कोंबडा. सगळ्यांची वयं वेगळी. आणि लस बर्फात ठेवायची, दोन ते आठ अंश तापमानात. जिथे दिवा नाही तिथे फ्रिज कुठला? शीतसाखळी हा शब्द आपण कोविडच्या काळात शिकलो. ही साखळी मधे एका ठिकाणी तुटली तरी कुपीत पाणीच उरतं, आणि ते पाणी बाहेरून लशीसारखंच दिसतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

या अडचणीवर ज्यांनी आयुष्य घातलं त्यांत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातले विषाणुतज्ज्ञ पीटर स्प्रॅडब्रो यांचं नाव आधी घ्यायला हवं. क्वीन्सलँडमध्ये १९६६ च्या सुमारास एक निरुपद्रवी विषाणू सापडला होता, त्याला व्ही-४ म्हणतात. तो कोंबडीला आजारी पाडत नाही, पण मानमोडीपासून तिचं रक्षण करतो. त्यातून उष्णता सोसणारा वाण निवडला गेला, आणि १९८० च्या दशकात मलेशियातल्या संशोधकांबरोबर प्रयोग झाले. कल्पना मोहक होती. लस दाण्याला चोळायची आणि दाणे अंगणात टाकायचे, कोंबडी धरायची भानगडच नको. काही ठिकाणी ते जमलं, काही ठिकाणी फसलं. धान्य कोणतं, ते कच्चं की शिजवलेलं, कुठल्या कोंबडीनं किती टिपलं, यावर निकाल बदलायचा. पुढे स्प्रॅडब्रो यांच्या गटानं आय-२ नावाचा दुसरा वाण निवडला, तोही उष्णता सोसणारा. ऑस्ट्रेलियाच्या कृषी संशोधन साहाय्य संस्थेच्या मदतीनं त्याचं मूळ बियाणं गरीब देशांच्या प्रयोगशाळांना विनामूल्य दिलं गेलं, म्हणजे तुम्हीच तुमच्याकडे लस बनवा. व्हिएतनाममध्ये ती बनली, टांझानियात दार-एस-सलामला बनली, मोझांबिकमध्ये मापुतोला बनली.

उष्णता सोसणारी म्हणजे काय, हे नीट सांगतो, कारण इथे गैरसमज होतात. गोठवून वाळवलेली आय-२ लस अंधारात ठेवली तर २८ अंशांना सुमारे आठ आठवडे टिकते. याचा अर्थ ती सायकलच्या कॅरियरवर उन्हात टाकून न्यायची असा नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून, झाकणाच्या टोपलीत ठेवून, सावलीतून न्यायची. पाणी उडून जाताना गारवा देतं, आपल्या माठाचंच तत्त्व. म्हणजे फ्रिज हवाच असं नाही, पण निगा हवीच.

आता मोझांबिक. मी हे उदाहरण निवडलं कारण इथे विज्ञानाइतकंच लोकांच्या विचार करण्याकडे लक्ष दिलं गेलं. १९९२ साली तिथलं दीर्घ यादवी युद्ध संपलं. लोक गावांत परतले तेव्हा गुरं जवळजवळ उरलेलीच नव्हती. अशा वेळी घर पुन्हा उभं करायला पहिली येते ती कोंबडी. ती लवकर वाढते, तिला चारा विकत आणावा लागत नाही, म्हातारी बाई किंवा लहान पोर तिला सांभाळू शकतं. पाहुणा आला की कोंबडी, पोराची वही घ्यायची की कोंबडी, ताप आला की कोंबडी, आणि चार-पाच साठल्या की त्यांच्या बदल्यात शेळी. बँकेत बचत खातं असावं तसं. आणि हे खातं बहुतेक घरांत बाईच्या नावावर. वर्षातून एकदा ते खातं पूर्ण रिकामं व्हायचं.

रॉबिन ऑल्डर्स नावाच्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्य आणि त्यांचे मोझांबिकमधले सहकारी यांनी १९९० च्या दशकात तिथे काम सुरू केलं. पुढे २००२ ते २००५ या काळात मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांत मिळून मोठा प्रकल्प झाला. पद्धत अशी ठरली. गावातल्याच काही माणसांना लस द्यायला शिकवायचं. वर्षातून तीनदा, मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये, फेरी काढायची. आदल्या दिवशी घरोघरी सांगायचं की आज रात्री कोंबड्या कोंडून ठेवा, उद्या पहाटे येतो. पहाटे एकेक कोंबडी हातात घ्यायची, मान आडवी धरायची, एका डोळ्यात एक थेंब टाकायचा, आणि तो डोळ्यात मुरेपर्यंत सोडायचं नाही. बस. सुई नाही. आपल्याला ‘लस टोचली’ म्हणायची इतकी सवय आहे की डोळ्यातला थेंब ही लस वाटतच नाही. डोळ्यातून तो नाकात उतरतो, जिवंत विषाणू तिथे वाढतो आणि कोंबडीचं शरीर त्याला ओळखायला शिकतं. मात्रा वजनावर नाही, एका दिवसाचं पिल्लू असो नाहीतर दांडगा कोंबडा, थेंब एकच.

त्या थेंबाचंही शास्त्र आहे. ड्रॉपर तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो, म्हणून तो सरळ उभा धरायचा. एक मिलिलिटरमध्ये आपल्या ड्रॉपरचे किती थेंब बसतात ते आधी मोजायचं, त्यावरून पाणी किती घालायचं ते ठरवायचं. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं लस मरते, म्हणून ते वापरायचं नाही, उकळून गार केलेलं चालेल. मला हे तपशील फार आवडतात. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही शिकवता येतात आणि त्यातला एक चुकला तर विद्यापीठातलं सगळं संशोधन वाया जातं.

तुम्ही म्हणाल, वर्षातून तीनदा का? गुरांच्या बुळकांडीचं उदाहरण घ्या. बुळकांडीची लस एकदा दिली की गाईला जन्मभर पुरायची. त्याही लशीचं उष्णता सोसणारं रूप निघालं, तेही गावातल्या माणसांच्या हातून आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यात गेलं, आणि २०११ साली तो रोग पृथ्वीवरून संपल्याचं जाहीर झालं. कोंबडीचं तसं नाही. या लशीची ताकद काही महिन्यांत ओसरते. शिवाय गाय वर्षानुवर्षं तीच असते, कोंबड्यांचा कळप मात्र सतत बदलत असतो. मार्चमध्ये लस दिलेल्या कोंबडीनं एप्रिलमध्ये रवणीला बसून काढलेली पिल्लं जुलैपर्यंत उघडीच असतात. म्हणजे हा रोग संपवायचा नाही, त्याला दर चार महिन्यांनी थोपवायचा आहे. हे काम जाहिरात करण्यासारखं नाही. त्याला शेवटचा दिवस नाही, समारंभ नाही.

इथपर्यंत सरळ गोष्ट झाली. आता ती बाई. समजा मी लसवाला आहे आणि ती म्हणते, नको. माझ्या कोंबड्यांना काही टाकू नका. आपली पहिली प्रतिक्रिया काय असते? अडाणी आहे, अंधश्रद्धा आहे, जागृती करा, पोस्टर लावा. मला आज एवढंच सांगायचं आहे की ती बाई अडाणी नाही, ती तर्क करते आहे. तिच्यापुढे जो पुरावा आहे त्यावरून ती काढते तो निष्कर्ष पुष्कळदा आपण तिच्या जागी असतो तर आपणही काढला असता. बिघाड तिच्या डोक्यात नाही, तिच्यापर्यंत येणाऱ्या पुराव्यात आहे.

कसा ते पाहा. लोक लस कधी मागतात? शेजारच्या वस्तीत कोंबड्या मरायला लागल्या की. धावपळ होते, लस येते, सगळ्यांना दिली जाते. पण लस दिल्यावर अंगात ताकद यायला एक-दोन आठवडे लागतात, आणि रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस. म्हणजे लस दिली त्या दिवशी ज्या कोंबड्यांत विषाणू आधीच होता त्या चार दिवसांनी मरणारच. बाईला काय दिसतं? सोमवारी माणूस आला, डोळ्यात काहीतरी टाकलं, शुक्रवारी कोंबड्या मेल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं आपण म्हणू, कारण आपल्याला आतली गोष्ट माहीत आहे. तिला फक्त कावळा दिसला आणि फांदी दिसली. ह्यूम असता तर तोही म्हणाला असता, बाई, तुझा अनुभव तुला एवढंच देतो.

आणि तिचा संशय दर वेळी खोटाच असतो असंही नाही. मुक्तेश्वरच्या उपप्रकाराची लस जरा कडक आहे, ती मोठ्या, सशक्त पक्ष्यांसाठीच. लहान पिल्लांना किंवा आधीच जंतांनी पोखरलेल्या कोंबडीला ती दिली तर त्रास होतो, पक्षी मरूही शकतो. घरोघर हिंडणारा लसवाला स्वतःच्या चपलांना आणि हातांना लावून रोग एका खुराड्यातून दुसऱ्या खुराड्यात नेऊ शकतो. आणि ते मघाचं वाक्य, मेलेली लस जिवंत लशीसारखीच दिसते. शीतसाखळी तुटलेली, सरकारी गाडीतून आलेली, पूर्ण निरुपयोगी लस गावभर दिली जाते, दोन महिन्यांनी सगळ्या कोंबड्या मरतात, आणि बाई म्हणते की लशीनं काही होत नाही. या विधानात चूक काय आहे? तिला मिळालेल्या लशीबद्दल ते शंभर टक्के खरं आहे.

आणखी एक. मानमोडीची लस मानमोडीवरच चालते. कोंबड्यांना देवी होतात, पटकी होते, जंत होतात, घार नेते, मुंगूस मारतं. लसवाल्यानं उत्साहात सांगितलं की आता तुमच्या कोंबड्या मरणार नाहीत, आणि महिन्यानं तीन पिल्लं देवीनं गेली, तर तो खोटारडा ठरला. ठरायलाच हवा.

म्हणजे लस अपयशी ठरली की ते ढळढळीत दिसतं. यशस्वी झाली की काय दिसतं? काहीच नाही. कोंबड्या अंगणात हिंडतायत, काल होत्या तशाच. लशीचं यश ही एक न घडलेली घटना आहे. इथे आपला घट परत येतो.

कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणत, अभाव कळण्याचं एक स्वतंत्र साधन आहे, अनुपलब्धी. दिसत नाही यावरून नाही हे कळतं. पण लगेच त्यांनी एक अट घातली, आणि या अटीसाठी मी त्यांना मनापासून नमस्कार करतो. नुसतं न दिसणं पुरत नाही. काळोख्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. पिशाच दिसत नाही म्हणून पिशाच नाही असंही सिद्ध होत नाही, कारण ते दिसण्याजोगं नसतंच असं मानलं आहे. न दिसणं पुरावा केव्हा ठरतं? ती वस्तू असती तर इथे, या उजेडात, या डोळ्यांना नक्की दिसली असती, असं असेल तेव्हा. याला योग्य अनुपलब्धी म्हणतात.

हीच अट कोंबड्यांना लावा. माझ्या कोंबड्या मेल्या नाहीत हा लशीच्या बाजूचा पुरावा केव्हा? त्या मरायला हव्या होत्या अशी परिस्थिती होती हे मला दिसलं तर. म्हणजे रोग गावात आला, कुंपणापलीकडे शेजारणीच्या लस न दिलेल्या कोंबड्या मेल्या, आणि माझ्या उभ्या राहिल्या. रोग आलाच नाही त्या वर्षी लस दिली आणि कोंबड्या जगल्या, तर त्यातून मला काहीच शिकता येत नाही. ती काळोखी खोली. तेव्हा लस पटवायची असेल तर भाषण देऊन भागत नाही, उजेड करावा लागतो. आणि मोझांबिकमधल्या कार्यक्रमाचं मला मोठेपण वाटतं ते इथे.

रोगाच्या ऋतूच्या आधीच लस द्यायची, साथ सुरू झाल्यावर नाही. आजारी कोंबडीला द्यायचीच नाही. लस देण्याआधी स्पष्ट सांगायचं की ही फक्त या एका रोगासाठी आहे, देवीसाठी नाही, घारीसाठी तर नाहीच, आणि चार महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागेल. हे सगळे नियम त्यांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत आहेत. वाचताना ते पशुवैद्यकाचे वाटतात, पण बारकाईनं पाहिलं तर ते प्रमाणशास्त्राचेही नियम आहेत. कावळा आणि फांदी वेगळी करायची, पुरावा गढूळ होऊ द्यायचा नाही.

आणि पुरावा स्वच्छ झाला की लोक कसे वागतात? तिथल्या चाचण्यांत लस वेगवेगळ्या पद्धतींनी देऊन पाहिली होती, पिण्याच्या पाण्यातून, खाद्यातून आणि डोळ्यात थेंब टाकून. आपल्याला वाटेल लोक पाण्याची पद्धत निवडतील, कोंबडी धरायचा त्रास नाही. शेतकऱ्यांनी डोळ्याचा थेंब निवडला. का, तर त्या पद्धतीत जास्त कोंबड्या वाचतात आणि ती कमी वेळा द्यावी लागते, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. कोंबड्या रात्री कोंडल्या की सकाळी धरणं काही अवघड नाही, असंही त्यांचं म्हणणं. ज्यांना आपण आळशी आणि अडाणी म्हणायला निघालो होतो त्यांनी जास्त कष्टाची पद्धत पुराव्यावरून निवडली. दाण्याला लस चोळायची ती मोहक कल्पना आठवा. तिच्यात बाईला शिकण्याजोगं काही नव्हतं, कुणी किती खाल्लं हेच कळत नव्हतं. थेंबात कळतं, ही कोंबडी झाली, ही राहिली.

पैशाचा मुद्दा जरा वादाचा आहे. या कार्यक्रमांत शेतकऱ्याकडून दर कोंबडीमागे थोडे पैसे घेतले गेले. आपल्या समाजवादी मनाला हे टोचतं, माझ्याही टोचलं. गरीब बाईकडून पैसे कसले घेता? पण फुकट लस येते ती सरकारच्या किंवा देणगीदाराच्या सोयीनं, एकदाच, आणि मग येत नाही. तीन फेऱ्यांची लस एकदाच आली तर काय उपयोग? शिवाय एकदा फुकट दिली की पुढच्या वेळी पैसे मागणं जवळजवळ अशक्य होतं, हा अनुभव अनेक देशांचा आहे. गावातल्या लसवाल्याला दर कोंबडीमागे काही मिळालं तर तो नोव्हेंबरमध्येही येतो. आणि ज्याला पैसे दिले त्याला जाब विचारता येतो. तरीसुद्धा ज्या घरात एक पैसाही नाही त्याचं काय, हा प्रश्न राहतो, आणि त्या घरातल्या कोंबड्या शेजारच्यांच्याच अंगणात फिरतात. मला याचं समाधानकारक उत्तर कुणाकडे दिसलेलं नाही.

कोण लस देतो, यानंही फरक पडतो. सभा पारावर, संध्याकाळी, माहिती पुरुषांना. कोंबड्या मात्र बायकांच्या. ती संध्याकाळी चुलीपाशी असते. तिला लशीची बातमी नवऱ्याकडून मिळते, अर्धवट, आणि अर्धवट बातमीतून गैरसमज होतात. ब्रिजिट बान्योल या मानववंशशास्त्रज्ञ ऑल्डर्स यांच्याबरोबर होत्या, त्यांनी या गोष्टींकडे लक्ष वेधलं. कार्यक्रमात बायकांना लस द्यायला शिकवलं गेलं. पहाटे अंधारात परक्या पुरुषानं अंगणात येणं आणि ओळखीच्या बाईनं येणं यात काय अंतर आहे ते आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यात विचारा.

आपल्याकडचं विचाराल तर पुण्यात औंधला राणीखेतची लस तयार होते, तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. गडचिरोली-नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर मात्र तोच हजार मात्रांच्या कुपीचा आणि बर्फाचा हिशेब उभा राहतो. शंभर मात्रांच्या छोट्या कुप्या आणि उष्णता सोसणारी लस भारतातही बनायला लागली आहे, गुजरातमधल्या एका कंपनीत. पण कुपी लहान झाली म्हणजे आठ मैल चालत जाणारा माणूस मिळाला असं नव्हे.

आता शेवटचा पेच, आणि तो या लशीच्या यशातूनच येतो. चार-पाच वर्षं गाव नेमानं लस घेतं. रोग येत नाही. कोंबड्या वाढतात, अंडी पोटात जायला लागतात, एक-दोन शेळ्या येतात. आणि मग रोग कसा असतो हे लोक विसरतात. लहान पोरांनी तर तो पाहिलेलाच नसतो. शेजारणीच्याही कोंबड्या मरत नाहीत, कारण तिनंही लस घेतली आहे. म्हणजे ज्या उजेडात अभाव दिसत होता तो उजेडच गेला. खोली पुन्हा काळोखी. तेव्हा एखादी हुशार बाई म्हणते, रोग तर नाहीच, मग दर चार महिन्यांनी पैसे कशाला? तिचा तर्क पुन्हा बरोबर आहे. एक फेरी चुकते, मग दुसरी. प्रयोगशाळेत कधी बाटल्याच संपतात, कधी ड्रॉपर मिळत नाहीत, कधी प्रकल्पाचे पैसे संपतात, तीही फेरी चुकते. आणि विषाणू कुठे गेलेला नसतोच, तो बाजारात पाय बांधून विकायला आणलेल्या कोंबड्यांतून हिंडत असतो. साथीची चाहूल लागली की माणसं कोंबड्या घाईघाईनं विकतात, तेही शहाणपणाचंच, आणि त्यातूनच तो पुढच्या गावात जातो.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून लसवाला एक साधी वही ठेवतो. घराचं नाव, मार्चमध्ये किती कोंबड्या, जुलैमध्ये किती, नोव्हेंबरमध्ये किती. फेरीला गेला की मागचा आकडा वाचून दाखवतो. कोंबड्यांची मोजणी मात्रा ठरवायला करावीच लागते, त्यामुळे जास्तीचं काम काही नाही. बाईला आपल्याच अंगणाचा तीन-चार वर्षांचा इतिहास ऐकायला मिळतो. लस सुरू होण्याआधीच्या एखाद्या वर्षाचा आकडा त्या वहीत असेल तर फारच उत्तम, पण तो बहुधा नसतो, कारण तेव्हा मोजायला कुणी गेलेलंच नसतं.

प्रश्न घेऊया. मागच्या रांगेत हात वर दिसतोय, हां, बोला.